परळचा दामोदर, लंडनचं केस्किडी

बॉब मार्लेचं 'इज धिस लव्ह' हे गाणं तुम्ही ऐकलं असेलच. (नसेल तर आधी ऐका, मग पुढचं वाचा. मी थांबतो.) १९७८ च्या त्या गाण्याच्या व्हिडिओत एका साध्याशा हॉलमध्ये लहान मुलांची पार्टी चाललेली दिसते. त्या मुलांत सात वर्षांची नेओमी कॅम्पबेल आहे, ही माहिती ऑफिसातल्या क्विझवाल्यांसाठी. माझा प्रश्न वेगळा आहे. तोवर जगभर गाजलेल्या या माणसाला अख्ख्या लंडनमध्ये शूटिंगसाठी हाच हॉल का सापडला?

तर त्या हॉलचं नाव केस्किडी सेंटर. उत्तर लंडनमध्ये, किंग्ज क्रॉस स्टेशनपासून जवळ, इझलिंग्टन भागात. १९७१ साली ऑस्कर अब्राम्स नावाच्या आर्किटेक्टने ते सुरू केलं. अब्राम्स मूळचा गयानाचा. केस्किडी हा तिकडचा पिवळ्या छातीचा एक पक्षी. त्याच्या ओरडण्यात फ्रेंच कानांना 'काय म्हणतो तो?' असा प्रश्न ऐकू येतो आणि त्यावरूनच हे नाव पडलं, असं तिकडे सांगतात. परदेशात राहणाऱ्या माणसाने आपल्या हॉलला गावाकडच्या पक्ष्याचं नाव द्यावं, हे मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडेही चाळीतल्या मंडळांना ग्रामदैवताचं नाव असतंच की!

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन इंग्लंडला पोचलं आणि पुढची काही वर्षं अशी माणसं येत राहिली. बस चालवायला, रेल्वेत, हॉस्पिटलांत हात हवे होते. हात हवे होते, पण हातांबरोबर आलेल्या माणसाला घर भाड्याने द्यायला लोक तयार नव्हते. त्यांची गाणी, त्यांची बोली, त्यांचं नाटक यासाठी जागा देणं तर दूरच. केस्किडी ही ती जागा झाली. दिवसा वाचनालय आणि मुलांचे वर्ग, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. जमैकात जन्मलेला लिंटन क्वेसी जॉन्सन हा कवी तिथे वाचनालयाचं काम बघायचा, आणि त्याची कविता आधी तिथेच रंगमंचावर आली. सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉटची नाटकं तिथे झाली. त्याला नोबेल मिळालं १९९२ साली, म्हणजे बऱ्याच नंतर. १९७९ मध्ये तर इथली नाटकमंडळी थेट न्यूझीलंडला जाऊन माओरी लोकांच्या वस्त्यांमध्ये प्रयोग करून आली.

मंडळी, हे सगळं वाचताना मला सारखी परळची आठवण येत होती. कारण ही गोष्ट आपल्याकडे पन्नास वर्षं आधी घडून गेलेली आहे. जहाजाच्या जागी कोकणातली बोट आणि घाटावरची रेल्वे ठेवा, लंडनच्या जागी गिरणगाव ठेवा आणि केस्किडीच्या जागी दामोदर हॉल. बाकी बरंचसं तसंच.

गिरणगाव आज फक्त टॉवरांच्या जाहिरातीत 'लोअर परेल' म्हणून उरलंय, त्यामुळे थोडं मागे जायला हवं. १८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा भोंग्यांवर चालायला लागला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं काम करत होती. त्यातली पुष्कळशी एकटी. बायकामुलं गावाला आणि हे इथे चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण. ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खाणावळीत, झोपायचं पाळीपाळीने. रात्रपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला आडवा. (आपण ज्याला हॉट डेस्किंग म्हणतो ते यांनी झोपेत केलेलं होतं.)

आता विचार करा. अशा खोलीत भजन म्हणता येईल, डबलबारीची तयारी करता येईल, गॅलरीत बसून गाऱ्हाणी सांगता येतील. पण नाटक? दशावतार? नमन? जाखडीचा नाच? त्याला जागा लागते. उंची लागते. दोनशे माणसं बसली तर मालकाने तक्रार करू नये, एवढी सोय लागते. गावात ही सोय फुकट होती. देवळासमोर मांड, वर आभाळ आणि हातात सबंध रात्र. मुंबईत आभाळ होतं, मांड नव्हता.

इथे आपल्या गोष्टीत नारायण मल्हार जोशी येतात. ना. म. जोशी म्हणजे परळच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते. जन्म १८७९, कुलाबा जिल्ह्यातलं गोरेगाव. पेशाने शिक्षक, पुढे गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असं लीगचं काम. जोशी हे पुढे देशातल्या कामगार चळवळीचं मोठं नाव झालं. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते गेले होते आणि १९२० साली आयटक स्थापन झाली त्यातही ते होते. अशा माणसाच्या संस्थेने १९२२ मध्ये परळला कामगारवस्तीच्या मधोमध एक नाट्यगृह उभं केलं. दामोदर ठाकरसी हॉल, म्हणजेच आपला दामोदर. ठाकरसी हे गिरणीमालकांचं घराणं. एसएनडीटी विद्यापीठाच्या नावात शेवटची दोन अक्षरं येतात तीही दामोदर ठाकरसी या नावाचीच. म्हणजे गंमत बघा, नाव गिरणीमालकाच्या घरातलं, संस्था कामगार पुढाऱ्याची आणि आत बसलेला प्रेक्षक साचेवाला.

मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते ती ही गोष्ट. जोशींसारखा शिस्तीचा, आकडेवारीत रमणारा माणूस. कामगारांना काय हवं याची यादी करताना शाळा, औषध, कर्ज यांच्या बरोबरीने त्याच्या संस्थेने नाट्यगृहही धरलं. हल्ली ज्याला 'नाइस टू हॅव' म्हणून आपण पुढच्या रिलीजमध्ये ढकलतो, ते त्यांनी मूळ कामातच घेतलं होतं!

हॉल चालायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. एकीकडे हॉलच्या आश्रयाने सहकारी मनोरंजन मंडळासारखी कामगारांची स्वतःची नाट्यसंस्था वाढली. दुसरीकडे गावोगावची मुंबईतली मंडळं. समजा रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीचं मंडळ आहे. वाडीतल्या शाळेला पत्रे घालायचेत किंवा देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. मंडळ हॉलची तारीख घेतं, नाटक किंवा नमन बसवतं, तिकिटं गाववाल्यांच्या, नातेवाइकांच्या आणि गिरणीतल्या सोबत्यांच्या गळ्यात मारतं. प्रयोगाच्या दिवशी सगळी वाडी मुंबईत एका छपराखाली भेटते. तिथेच लग्नं जुळतात, भांडणं मिटतात, नवी भांडणं लागतात. उरलेले पैसे गावाला जातात. म्हणजे तिकीट एकच, पण त्यात करमणूक, ग्रामसभा आणि मनीऑर्डर असं तिन्ही. शक्ती-तुऱ्याचा सामना असला तर विचारूच नका. सवाल-जवाब रात्रभर, आणि कुणाचा शाहीर हरला हे दुसऱ्या दिवशी साच्यावर उभं राहिल्यावर ऐकून घ्यायचं.

हा सगळा कोकणी मामला, यात तुझा काय संबंध, असं कुणी विचारेल. रास्त आहे. मी अकोल्याचा. थांबा, लगेच 'विदर्भातला का?' म्हणू नका. ते अकोला. आमचं अकोले, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं, कळसूबाई-भंडारदऱ्याचं. (हा खुलासा मी नोकरीच्या प्रत्येक पहिल्या दिवशी केलेला आहे.) आमच्याकडूनही माणसं मुंबईला गेली. माझ्या आजोबांचे मोठे भाऊ, आमचे थोरले आजोबा, घोटीपर्यंत मिळेल तसे आणि पुढे रेल्वेने असे गेले आणि लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायला लागले. कोकणातल्या माणसांना दामोदर होता, तसं घाटावरच्या माणसांना लालबागचं हनुमान थिएटर होतं. तिथे तमाशा लागायचा.

थोरले आजोबा म्हणायचे, "गावात आसताना मी वर्षातून येकदा तमाशा बघितला, मुंबईत दर रव्यवारी." यात मला नेहमी उलटं काहीतरी वाटायचं. तमाशा गावचा, मग तो मुंबईत जास्त कसा? पण हिशेब सोपा आहे. आमच्याकडे तमाशा यात्रेला. यात्रा कमिटी वर्गणी काढणार, नारायणगावला जाऊन फडाची सुपारी देणार, एक रात्र तमाशा, सकाळी हजेरी, संपलं. बघणाऱ्याला फुकट, पण वर्षातून एकदाच. आणि पावसाळ्यात उघड्यावरचा फड बंद म्हणजे बंद. आमच्या तालुक्याचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर हे वेगळं सांगायला नको. मुंबईतल्या थिएटरला छप्पर होतं, तिकीट होतं आणि आठवड्याचा पगार खिशात असलेला प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावर होता. म्हणजे तमाशातल्या माणसांना यात्रेच्या पलीकडचं काम मिळण्याची सोय झाली. आमच्या शेजारच्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर (त्या २०२१ मध्ये गेल्या), नारायणगावच्या विठाबाई ही नावं आपण आज आदराने घेतो. त्या नावांमागे गावच्या यात्रा जशा आहेत, तसा तिकीट काढून बसलेला हा शहरातला कामगारही आहे.

म्हणजे गावची कला शहरात येऊन नुसती टिकली, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ती शहरात वाढली. आणि वाढली ती एका छपरामुळे.

वाढली म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण देतो. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. मच्छिंद्र कांबळी त्यात होते. नाटकाचा विषयच असा की कोकणातल्या गावची हौशी मंडळी महाभारतावरचं नाटक बसवतायत आणि त्यात गोंधळावर गोंधळ. भाषा मालवणी. तोवर मालवणी बोलणारा माणूस मराठी नाटकात असायचा तो गडी म्हणून. आता सगळं नाटकच मालवणीत आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. पुढे ते लंडनलाही गेलं. हा प्रेक्षक काही एका रात्रीत जमलेला नव्हता. गावच्या मंडळाचं नाटक, त्यातली फजिती, पडद्यामागची भांडणं हे सगळं त्याने परळमध्ये दोन-तीन पिढ्या स्वतः केलेलं होतं. विनोद त्याच्या घरचा होता.

आता पुन्हा लंडनला जाऊ. लिंटन क्वेसी जॉन्सन कविता लिहायचा ती लंडनच्या वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या जमैकन बोलीत. शाळेत ती बोली म्हणजे चुकीचं इंग्रजी. केस्किडीत तीच बोली म्हणजे कविता. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून मुंबईला आले, गिरणीत राबले आणि १९४४ मध्ये अमर शेख, गवाणकर (हे द. ना. गवाणकर, वरचे नव्हेत) यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाची चाल तीच, पण गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आणि कष्टकऱ्याला वंदन, आणि वगात सावकार-मालक. ते हॉलपेक्षा मैदानांत आणि चाळींच्या चौकांत जास्त रमले, पण प्रेक्षक हाच. स्थलांतर करून आलेल्या माणसाची बोली जिथे कुणी दुरुस्त करायला बसलेलं नसतं, अशी जागा मिळाली की तिथून काहीतरी नवं निघतं. दोन्ही शहरांत निघालं.

असो. आता गोष्टीचा उतरता भाग.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करत थंडावल्या, माणसं गावाला परतली किंवा डोंबिवली-विरारच्या पलीकडे फेकली गेली. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये त्या घरांचं काय झालं ते आहे. नसेल पाहिलं-वाचलं तर जरूर मिळवा. चालत येणारा प्रेक्षक गेला तसं तमाशाचं हनुमान थिएटर बंद पडलं. दामोदर मात्र चिवट निघाला. गिरणी नाही, भोंगा नाही, तरी वसई-विरार, कल्याण-बदलापूरहून माणसं लोकलने परळला येत राहिली आणि नमन, शक्ती-तुरा, मंडळांची नाटकं चालू राहिली. २०२२ मध्ये हॉलला शंभर वर्षं झाली.

आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुनर्विकासासाठी बंद झाला. नव्या इमारतीत नाट्यगृहाला किती जागा मिळणार, यावरून वाद पेटला, कलावंत रस्त्यावर उतरले. इमारत जुनी होती, दुरुस्ती लागणार होती, हे कुणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की नव्या इमारतीत जे उभं राहील ते वाडीच्या मंडळाला परवडेल का?

केस्किडीचं काय झालं ते बघा. अनुदानं आटत गेली, १९९१ मध्ये ते बंद झालं. पुढे त्या इमारतीत चर्च भरायला लागलं. २०११ साली भिंतीवर मोठ्या सन्मानाने स्मृतिफलक लागला आणि २०१२ मध्ये आग लागून इमारत जळाली. फलक लावण्याइतकी आठवण सगळ्यांना होती. फक्त ती यायला वीस वर्षं उशीर झाला.

यावर माझा एक मित्र म्हणाला, "अरे, आता हॉल कशाला हवा? सगळं यूट्यूबवर आहे." मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. शक्ती-तुऱ्याचे तासन्‌तासांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत आणि लोक ते बघतात. पण व्हिडिओ बघून शाळेचे पत्रे येत नाहीत. व्हिडिओच्या तालमीला पोरं जमत नाहीत. पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभ्या राहिलेल्या सोळा वर्षांच्या पोराला समोर गाववाले दिसले की त्याची जी गाळण उडते आणि त्यातून तो जे शिकतो, ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. सर्व्हरवर साठवणं म्हणजे बॅकअप. प्रॉडक्शन कुठेतरी चालू असायला लागतं ना!

मी इंजिनियर असल्यामुळे शेवटी यादी करणं आलंच. दामोदर, हनुमान, केस्किडी, तिघांनाही लावून बघितली तर चार गोष्टी सारख्या निघतात. एक, जागा राहत्या वस्तीत, चालत किंवा एका लोकलने पोचता येईल अशी. दोन, भाडं किंवा तिकीट मजुराच्या खिशाला झेपेल असं. तीन, वर्षानुवर्षं तीच, म्हणजे 'पुढच्या वर्षी याच हॉलला' असं सांगता यावं. चार, आत काय करायचं हे वापरणारा ठरवणार. यातली एक जरी काढली तरी इमारत उरते, हॉल जातो. पुनर्विकासाच्या आराखड्यात आसनांची संख्या असते, पार्किंग असतं, वातानुकूलन असतं. या चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यासाठी रकानाच नसतो.

हे मुंबईपुरतं असतं तर मी पुण्यात बसून एवढं लिहिलं नसतं. आज अकोल्यातली पोरं लालबागला जात नाहीत. ती चाकणला जातात, भोसरीला जातात, आणि माझ्यासारखी काही हिंजवडीला. कंपनीत कंत्राटावर असलेला आमच्या आदिवासी पट्ट्यातला मुलगा चौघांत एक खोली करून राहतो. ही खोली आणि शंभर वर्षांपूर्वीची परळची खोली यात मोबाईल सोडला तर फारसा फरक नाही. घरी तो कांबड नाचत असेल, ठाकरी गाणी म्हणत असेल. चाकणला त्याने ती कुठे म्हणायची? आणि आपण? आपल्या सोसायटीत क्लबहाउस आहे, त्याच्या बुकिंगचं ॲप आहे, आणि आवाज रात्री दहाला बंद. तिथे वाढदिवस होतात. आपल्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या, गेटवर बसणाऱ्या माणसांच्या गावाचं मंडळ तिथे तालीम करू शकेल का, हे येत्या मीटिंगमध्ये विचारून बघा. मी विचारणार आहे. उत्तर काय येणार याचा अंदाज आहे, पण निदान इतिवृत्तात नोंद तरी होईल.

ना. म. जोशींनी १९२२ मध्ये परळला जे केलं त्याला फार मोठी प्रतिभा लागत नव्हती. कामगाराला औषध लागतं तसं नाटकही लागतं, एवढं मान्य करायला लागत होतं. चाकण-भोसरीत, जिथे आज लाखो माणसं अशीच खोल्या करून राहतायत, तिथे असं मान्य करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा. पुढचा शनिवार-रविवार त्यांच्याकडे जाऊन येऊ.